जुन्नरची गाडी गेल्यावर

काचेला काच अलगद टेकली की जे काही उमटतं, त्याला नाद म्हणावं की नादाची नुसती चाहूल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. आज दुपारी औषधाची बाटली फडताळात परत ठेवताना ती शेजारच्या बाटलीला लागली. किण्! एवढंच. पण त्या एवढ्याशा आवाजापाठोपाठ एक गुंजारव माझ्या कानांत भरून आला. पुष्कळ बायकांनी मिळून ओठांतल्या ओठांत धरलेला, शब्द ऐकू येऊ न देणारा, मधाच्या पोळ्यासारखा थरथरणारा स्वर. घरात कोणी नव्हतं. निगडी प्राधिकरणातल्या या नव्या घरांना दुपारी फार शांतता असते. रस्ते रुंद, झाडं अजून लहान, सावल्या त्यांच्याहूनही लहान. मी फडताळाचं दार हातात धरून तसाच उभा राहिलो.

मन अस्वस्थ झालं की संगीत ऐकावं, असं तुम्ही मला कितीदा तरी सांगितलंत. शेजारपणाच्या मोठ्या ममतेनं सांगितलंत, कारण माझ्या छातीतली धडधड तुमच्यापासून लपलेली नाही. मुलानं टेपरेकॉर्डर आणून दिला आहे, सकाळ-संध्याकाळ मी तो ऐकतोही. पण दुपारच्या जेवणानंतर तुम्ही आलात की तो बंद दिसतो, आणि ‘का हो, आत्ता तर खरी गरज’ असं तुम्ही म्हणता, तेव्हा मी चहाचं विचारतो. इतके दिवस मी चहाचंच विचारत आलो. आज मात्र सांगून टाकतो.

पिंपरीतल्या एका औषधांच्या कंपनीत मी कामगारांच्या कल्याणाचा अधिकारी होतो. कामगार ‘वेल्फेअरसाहेब’ म्हणायचे. त्या काळी नदीच्या दोन्ही अंगांना कारखान्यांच्या चिमण्या नव्यानं उगवत होत्या; ज्वारीच्या रानांतून डांबरी रस्ते निघाले होते आणि भल्या सकाळी त्या रस्त्यांवरून सायकलींचे थवेच्या थवे भोंग्याच्या दिशेनं वाहत जायचे. माझं काम कागदावर मोठं सुंदर होतं. प्रत्यक्षात मी दोन भिंतींमधली माती होतो. व्यवस्थापनाचा राग खाली पोचवायचा तो मी, आणि युनियनचा राग वर न्यायचा तोही मीच. सोमवारी फाटकातून आत शिरताना छातीत असं काही सुरू व्हायचं, की शर्टाच्या खिशातलं पेन हलताना लोकांना दिसत असेल अशी मला लाज वाटे. पुरुषमाणसानं, त्यातून अधिकाऱ्यानं, ‘मला भीती वाटते’ असं म्हणायचा तो काळच नव्हता. बायकोलाही मी ‘पित्त झालंय’ असंच सांगत होतो.

अशाच एका दुपारी, कसल्याशा नोटिशीवरून दोन्हीकडची बोलणी खाऊन, मी पॅकिंगच्या दालनावरून चाललो होतो. दार लोटलेलं होतं आणि आतून तो स्वर येत होता.

त्या दालनात सगळ्या बायका. काहीजणी कुप्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या, काहीजणी पुठ्ठ्याच्या खणांत त्या रचायच्या, आणि ओळीच्या टोकाला गयाबाई एका उजेडाच्या पेटीसमोर बसून एकेक कुपी डोळ्यांपुढे उलटी करायची. आतल्या पाण्यासारख्या औषधात एखादा कण तरंगतो का, तेवढं पाहायचं. मोठं जिकिरीचं काम. डोळे बांधलेले आणि मन मात्र रिकामं, आणि रिकामं मन कुठे कुठे भटकून येतं हे का तुम्हाला सांगायला हवं? गयाबाई चाकणजवळच्या वाडीची. तिशी नुकती ओलांडलेली, काळीसावळी, कपाळ कोरं. नवरा नव्हता. ती गाणं उचलायची, आणि बाकीच्या खाली मान घालून, हात न थांबवता, पुन्हा पुन्हा येणारं ध्रुपद झेलायच्या. कधी विहारात संध्याकाळी म्हणायच्या वंदनेसारखी संथ चाल, कधी जात्यावरचं काही, कधी वस्तीतल्या गायनपार्टीचं ठसक्याचं गाणं, पण तेही इतकं हळू की दाराबाहेर नुसती लय यायची. आणि त्या लयीच्या मधूनमधून काचेची ती किणकिण, जणू कोणी दूर बसून झांजा नुसत्या टेकवाव्यात!

मी दाराआड उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, छातीतली धडधड उतरते आहे. तापलेल्या तव्यावरून ओला फडका फिरवावा आणि तवा निवत जावा, तशी. मी खोटं नाही सांगत. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोज. जेवणाच्या सुट्टीनंतरचा भोंगा झाला की तिथलं गाणं एकदम बदलायचं, चाल अगदी लहान व्हायची, दोन-तीन सुरांतच पाळण्यासारखी मागेपुढे होत राहायची. बाकीच्या जणी तेव्हा ध्रुपददेखील धरत नसत. एकटी गयाबाई गायची. तेवढा वेळ मला सगळ्यांत प्रिय होता.

कशानं बरं असं होत असेल? मोठमोठ्या मैफली मी ऐकल्या आहेत. त्यांनी मला दिपवलं, रडवलंही, पण निववलं नाही. मला वाटतं, मैफलीतला गायक आपल्यासाठी गातो, आणि आपल्यासाठी कोणी काही करत आहे याचंही एक ओझंच होतं. त्या बायका माझ्यासाठी गात नव्हत्या. मी तिथे आहे हेच त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्याच्या अंगणातल्या प्राजक्ताचा वास कुंपणाबाहेरच्यालाही मिळतो, तसं ते सुख होतं. फुकटचं, आणि म्हणून निर्मळ. निदान मी त्याला हात लावेपर्यंत तरी निर्मळच होतं.

एके दिवशी मोठ्या साहेबांनी बोलावून घेतलं. कारखान्याचे सर्वेसर्वा तेच. आवाज न चढवता माणसाला उभ्या जागी घाम फोडायचं कसब त्यांच्याकडे होतं. म्हणाले, “काय हो, तुम्ही रोज दुपारी पॅकिंगच्या दाराशी उभे असता म्हणे. बायकांच्या दालनाबाहेर. काय प्रकार आहे?”

त्या प्रश्नात काय काय होतं ते तुम्ही जाणताच. खरं उत्तर किती सोपं होतं! ‘साहेब, माझ्या छातीत धडधडतं, आणि त्या गाण्यानं ते थांबतं.’ एवढं एक वाक्य. पण ते वाक्य म्हणजे माझ्या दुबळेपणाचा जाहीर कबुलीजबाब होता, आणि तो देण्यापेक्षा मी काय केलं? मी एक योजना सांगितली. तिथल्या तिथे, उभ्या उभ्या रचून! म्हणालो, संगीताचा कामगारांच्या मनःस्थितीवर आणि उत्पादनावर होणारा परिणाम मी न्याहाळतो आहे. बायका गुणगुणतात तेव्हा हात कसे भराभर चालतात ते पाहतो आहे. आपण जर ध्वनिक्षेपकावरून चांगलं, शास्त्रशुद्ध, शांत संगीत ऐकवलं तर... साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. “अहो, मग बोलला का नाहीत इतके दिवस?” असं म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली. त्या थापेखाली माझी धडधड पुन्हा सुरू झाली होती, पण ती कोणाला दिसली नाही.

मग कर्णे आले. दालनाच्या चारी कोपऱ्यांत, छताच्या खाली. माझ्या खोलीत तबकडीचं यंत्र आलं, आणि त्याचं बटण माझ्या टेबलाशी. सतार, बासरी, सनई; निवडून निवडून मी तबकड्या आणवल्या. उद्घाटनाला पेढे वाटले गेले. दुसऱ्या कारखान्यांतली मंडळी पाहायला येऊन गेली, आणि ‘तुमच्याकडची कल्पना’ म्हणून माझं नाव घेतलं गेलं. ते ऐकायला मला गोड वाटलं, हेही आज लपवत नाही. थोड्याच दिवसांत मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन दालनातून फिरत असताना बासरी चालू होती आणि खालून बायकांची गुणगुण. दोन्ही एकमेकांत अडकून पडलेली. साहेबांनी कपाळाला आठी घातली. म्हणाले, हे बरं दिसत नाही, एक काहीतरी ठेवा. त्यातलं कोणतं ठेवायचं, हे विचारायची गरजच नव्हती. दालनात जाऊन, संगीत चालू असताना कोणी गुणगुणू नये, असं मीच सांगितलं. संगीत तर दिवसभर चालू असायचं.

सोनाबाई म्हणून एक होती, खणांत कुप्या रचायची. जिभेची फटकळ, हसरी, गयाबाईच्याच वाडीची. ती तेवढी म्हणाली, “बरं झालं बाई, आता आमाला तोंडबी वापराया नको. नुसतं हात घिऊन यायचं.” सगळ्या हसल्या. मीही हसलो. किती सहज हसलो!

काही दिवसांनी गयाबाई माझ्या खोलीत आली. माझ्या खोलीत बायका सहसा येत नसत. दारातच उभी राहिली, पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि यंत्राकडे बघत म्हणाली, “साहेब, तुमचं गाणं लई ग्वाड हाय. पन जेवणाच्या सुट्टीनंतर थोडा येळ बंद ठिवाल का? थोडाच.”

मी म्हणालो, तसं करता येत नाही; वरून ठरलेलं असतं.

ती लगेच गेली नाही. मग म्हणाली, “आमी गायचो तवा गाणं आमचं ऐकायचं. आता आमीच त्याचं ऐकतो. माझा मलाच आवाज लागंना.”

का हवाय तुला तो वेळ, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. बटण माझ्या हाताशी होतं. मोठे साहेब काही दुपारी दालनात येऊन बसत नसत. पण मनात वेगळीच भीती होती. उद्या बंद ठेवलं आणि काम तसंच चालू राहिलं, तर कोणी विचारेल, मग ही योजना कशासाठी? आणि त्या प्रश्नाचा धागा ओढत गेलं तर त्याच्या टोकाला, दाराआड उभा असलेला, छातीवर हात धरलेला मी होतो. मी मान हलवून नाही म्हणालो. ती “बरं” म्हणून गेली.

त्यानंतर तिच्या पेटीवरून कण असलेल्या कुप्या पुढे सुटू लागल्या. एकदा-दोनदा ती दुपारी कर्ण्याच्या वर आवाज काढून गाताना सापडली. मुकादमीणबाईंनी तक्रार केली, आणि मी गयाबाईला नियम पुन्हा समजावून सांगितला. तिला उजेडाच्या पेटीवरून उठवून कुप्या धुण्याच्या विभागात पाठवलं गेलं; तिथे तर पाण्याच्या आणि यंत्रांच्या आवाजात बाजूच्या माणसाचंही ऐकू येत नसे. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून वाडीला निघून गेली, आणि चाकणच्या बाजारात कांदे निवडायच्या कामाला लागली, असं कळलं. कायमची नोकरी सोडून कोणी जातं का? सगळ्यांनी तिलाच वेड्यात काढलं.

ती का गेली, ते मला सोनाबाईनं सांगितलं. मी होऊन विचारलं नव्हतं. मी दालनातून जाताना तीच थांबली. त्या दिवशी ती हसली नाही. गयाबाईची एक लेक होती, चार-पाच वर्षांची, वाडीला आजीजवळ. कामाच्या पाळ्यांत सांभाळणार कोण, म्हणून तिकडे ठेवलेली. पोर दुपारी आईवाचून झोपेना, रडून रडून ताप काढायची. मग मायलेकींनी मिळून एक ठरवलं. इकडे सुट्टीनंतरचा भोंगा व्हायचा, त्याच सुमाराला तिकडे आजीच्या दारावरून जुन्नरची एस.टी. जायची. गाडी गेली की आजीनं म्हणायचं, बघ, आता तुझी आय तिकडं गायला लागली, डोळं मिट. आणि पोर डोळे मिटायची. इकडे गयाबाई खरोखरीच गायची. न चुकता.

“कर्णं आलं तवापास्नं गाता येत नव्हतं,” सोनाबाई म्हणाली. “पोर तिकडं इस्वासानं डोळं मिटती आन् हितं कुनीच गात न्हाई. त्ये तिला सोसंना, साहेब. म्हनायची, मी लेकराला रोज फशिवती.”

म्हणजे ज्या पाळण्याच्या लयीवर मी रोज माझी छाती निववून घेत होतो, ती एका निजणाऱ्या लेकराची होती! दाराआड उभा राहून मी त्या पोरीच्या वाट्याचं गाणं ऐकलं होतं, आणि नंतर माझी लाज झाकायला तेच गाणं बंद पाडलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टीनंतरचा भोंगा झाला आणि मी बटण बंद केलं. माझ्याकडून झालेलं हे एकच धाडस, आणि तेही केव्हा, तर ज्याच्यासाठी करायचं ते माणूस निघून गेल्यावर. मी दालनाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. आता गातील, आता गातील. बायकांनी चमकून वर कर्ण्यांकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. कोणी काही उचललं नाही. काचेची किणकिण तेवढी होत राहिली. शेवटी सोनाबाईनंच दाराकडे मान वळवली आणि म्हणाली, “साहेब, तुमचं गाणं बंद पडलंय.”

मी परत जाऊन बटण दाबलं.

कर्ण्यांवरच्या संगीतानं मला कधीही बरं वाटलं नाही. वर्षं गेली, मोठे साहेब निवृत्त झाले, यंत्र बिघडलं आणि कोणी दुरुस्त केलं नाही. दालनही नव्या इमारतीत गेलं. मी बढती घेतली, कर्ज घेतलं, हे घर बांधलं. यातलं काही मी कोणाला बोललो नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात वर्षाचे कांदे घ्यायला मी चाकणला गेलो होतो. बाजार करून, पोतं पायाशी ठेवून एस.टी.च्या थांब्यावर पत्र्याखाली बसलो होतो. समोर ट्रकमागून ट्रक, हवेत कांद्याचा तो ओलसर, तिखट वास. शेजारून आवाज आला, “सायेबलोकबी कांदं वाहत्यात व्हय? मला वाटलं सायेब कवा रडतच न्हाईत.” सोनाबाई! केस सगळे पांढरे, जीभ तशीच. मला इतका आनंद झाला की क्षणभर मी सगळं विसरलो. मग तिनं बाजूच्या मुलीला पुढे ओढलं. सतरा-अठरा वर्षांची, दोन वेण्या, छातीशी पुस्तकं धरलेली. “वळखा बरं. गयाची लेक. कालेजात जाती. आन् ह्ये गं, आमचं वेल्फेअरसाहेब.”

मुलीनं नमस्कार केला. डोळे आईचे होते. आई कशी आहे, असं मी विचारलं, आणि उत्तर सोनाबाईच्या चेहऱ्यावर आधी दिसलं. गयाबाई हिवाळ्यात गेली होती.

मग ती मुलगी, जणू बऱ्याच दिवसांपासून कोणालातरी विचारायचं ठेवून दिलेलं विचारावं तशी, म्हणाली, “आई शेवटी शेवटी म्हणायची, मी तुला फसवलं. तू झोपायचीस, पण मी गात नव्हते. मी तिला म्हटलं, आई, मला तर रोज ऐकू यायचं. तिला वाटलं मी समजूत घालतेय. तुम्ही तिथे होतात ना, साहेब? आई गायची ना?”

किती सोपं होतं ‘हो’ म्हणणं! दयेचंही झालं असतं, आणि माझ्या सोयीचंही. नेमकी ही सोयच मला ओळखीची वाटली. याच गाण्याबद्दल मी एकदा असंच, तत्काळ, समोरच्याचा चेहरा उजळेल असं काही बोललो होतो.

मी म्हणालो, “गायची. रोज गायची. मग मी गाऊ दिलं नाही. कर्ण्याचं बटण माझ्या खोलीत होतं. तिनं ते थोडा वेळ बंद ठेवा म्हणून मागितलं होतं, मी नाही म्हणालो. फसवलं ते तिनं नाही.”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी मान खाली घातली असती, आणि ते सोपं गेलं असतं. पण तिच्या नजरेत राग नव्हता. ती खरोखरच विचारात पडली होती. तिनं विचारलं, “मग मला ऐकू यायचं ते काय होतं?”

सोनाबाईनं आपलं गाठोडं उचललं आणि रस्त्याकडे बघत राहिली. वाडीची गाडी आली. त्या दोघी चढल्या. मुलीनं खिडकीतून मागे वळून पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही; मध्ये कांद्यांचा ट्रक आला होता.

खरं बोलल्यानं मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही. त्या मुलीपाशी निदान एक गाणं होतं, खरं असो की भासाचं. मी खरं बोललो आणि तेही तिच्या हातून काढून घेतलं की काय, या शंकेनं मी त्या दिवसापासून पोखरला जात आहे. आणि गयाबाई? लेक सांगत होती, ऐकू यायचं, तरी तिचा विश्वास बसला नाही. माझा अपराध ती स्वतःचा समजून घेऊन गेली. आता तो परत कसा मागू?

म्हणून दुपारी माझा टेप बंद असतो. निगडीत बसून जुन्नरची गाडी काही ऐकू येत नाही. मी घड्याळाच्या अंदाजानं चालतो. तेवढा वेळ माझा नाही, दुसऱ्या कोणाचा आहे, एवढंच मानून बसून राहतो. छाती धडधडली तर धडधडू देतो. इतके दिवस त्या शांततेत काहीच आलं नव्हतं. आज बाटलीला बाटली लागली आणि आलं. फडताळाचं दार धरून, डोळे मिटून, मी त्या गुंजारवातून एक आवाज शोधत होतो. बाकी सगळ्या होत्या. सगळ्याजणी खाली मान घालून ध्रुपद धरून बसल्या होत्या, पुन्हा पुन्हा तेच म्हणत होत्या, आणि पुढची ओळ कोणीच उचलत नव्हतं.